फल्ली, शेंगदाणा, कप्पलंडी

क्रूझच्या बुकिंग फॉर्ममध्ये 'खाण्याची काही ॲलर्जी?' असा रकाना होता आणि खाली चौकोन: नट्स, दूध, अंडी, मासे, ग्लुटेन. मी नट्सवर टिक केली आणि पुढच्या पानावर गेले. नंतर दोन महिने एवढी तयारी केली, पण भोक राहिलं ते या चौकोनात. ते कळलं जहाजावर, पहिल्याच रात्री, बिर्याणी समोर आल्यावर.

माझी लेक मनू सात वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना तिने कुणाच्या तरी हातातला चिक्कीचा तुकडा चाटला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. धंतोलीतल्या हॉस्पिटलात ती रात्र काढली. तेव्हापासून आमच्या घरात फल्ली, म्हणजे शेंगदाणा, नाही. नागपुरात राहून फल्ली टाळणं काय असतं ते नागपूरकरालाच कळेल. चिवड्यात फल्ली, उपवासाला फल्ली, वांग्याच्या भाजीत कूट, तेल घाणीचं ते फल्लीचं, आणि रेल्वेत बसावं तर वर्ध्याला टोपली घेऊन 'गरम फल्ली' चढतेच. सासूबाईंचं म्हणणं बरेच दिवस एकच होतं: "काऊन गं एवढी भिऊन राहिली? थोडी थोडी देऊन पाहा, सवय होते." थोडं थोडं देऊन सवय करण्याचा उपचार खरंच आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो, घरच्या ओट्याशी नाही. हे आमच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. पटलं असं काही म्हणाल्या नाहीत.

क्रूझचा हट्टही त्यांचाच. सत्तरी झाली, समुद्रात जायचं, बस. आम्ही पडलो देशाच्या मधोमध राहणारे. अंबाझरीपेक्षा मोठं पाणी मी स्वतः वयाच्या अठराव्या वर्षी पाहिलं. नवऱ्याने मुंबई-लक्षद्वीप-मुंबई अशी चार रात्रींची सहल काढली. त्यात जाताना एक अख्खा दिवस समुद्रात, येताना एक. मला झोप लागेना ती या दोन दिवसांमुळे. जमिनीवर काही झालं तर ॲम्ब्युलन्स आहे. अरबी समुद्रात काय आहे?

डॉक्टरांकडे रामदासपेठेत गेलो ते ही भीती घेऊन. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये दिसतं तसं मांडीला टेकवायचं तयार इंजेक्शनचं पेन मी चार मेडिकलमध्ये विचारलं होतं, कुठेच मिळालं नाही. डॉक्टर म्हणाले, "पेन नाही तर ॲम्प्यूल. औषध तेच, ॲड्रिनॅलिन. भरायला तेवढं शिकून घ्या." ॲम्प्यूल म्हणजे काचेची छोटी बंद कुपी. 1 मिलिलीटरच्या ॲम्प्यूलमध्ये 1 मिलिग्रॅम औषध असतं. मुलांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. मनू 20 किलोची, म्हणजे 0.2 मिलिलीटर. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत, गरज पडली तर कपड्यावरूनसुद्धा. पाच ते पंधरा मिनिटांत फरक दिसला नाही तर दुसरा डोस. सगळं त्यांनी मनूच्या नावाने, सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं.

सिस्टरांनी सरावाला संत्रं दिलं. नागपुरात दुसरं काय देणार! आधी ॲम्प्यूलची मान मोडायची, मग औषध ओढायचं, बुडबुडा काढायचा, टोचायचं. पहिल्या संत्र्याला माझा हात इतका थरथरला की काच हातातच फुटली. दुसऱ्या दिवशी घरी डझनभर संत्री आणि साधं पाणी घेऊन बसले. पाचव्या संत्र्याला जमलं. सिरिंजवरच्या 0.2 च्या रेघेवर मी लाल नेलपॉलिशची खूण केली, कारण घाबरलेल्या माणसाला बारीक आकडे दिसत नाहीत. मग नवऱ्याला शिकवलं. तो पहिल्या संत्र्यातच पास झाला आणि ते मला अजून ऐकवतो.

डॉक्टरांच्या दोन गोष्टी मी डब्याच्या झाकणावर लिहून ठेवल्या. एक, ॲलर्जीची गोळी किंवा सिरप पुरळाला ठीक आहे, पण श्वास अडकायला लागला की त्याची वाट बघत बसायचं नाही, आधी इंजेक्शन. दुसरी, इंजेक्शन दिल्यावर तिला उचलून पळत सुटायचं नाही. आडवं झोपवायचं, पाय उंच, आणि मदत तिच्याकडे बोलवायची. जहाज लागू नये म्हणून आपण जी प्रोमेथझिनची गोळी घेतो तीही ॲलर्जीच्या औषधांच्याच कुळातली, गुंगी आणणारी. त्यामुळे मनूला दोन्ही एकत्र द्यायच्या नाहीत, हेही तेव्हाच कळलं. तिच्यासाठी आम्ही जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्याची केबिन घेतली. तिथे हेलकावा सगळ्यात कमी. खिडकी लहान मिळाली म्हणून सासूबाई दोन तास रुसल्या.

बाहेरचं खाणं जहाजावर नेता येत नाही. मी कंपनीला डॉक्टरांचं पत्र जोडून लिहिलं तेव्हा सीलबंद पाकिटं चालतील असं उत्तर आलं. ते उत्तर छापून नेलं आणि बरं झालं, कारण बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर सामान स्कॅन करणाऱ्याने सिरिंजचा डबा आणि बिस्किटांची पिशवी दोन्ही बाजूला काढलं. पत्र, प्रिस्क्रिप्शन आणि ते उत्तर असे तीन कागद दाखवल्यावर पाच मिनिटांत सुटलो. आमच्या मागे एक काका घरचा ठेपल्यांचा डबा घेऊन वाद घालत होते. त्यांचं काय झालं ते पाहायला थांबलो नाही. आमच्या पाकिटांची लेबलं मी घरीच वाचली होती. आपल्याकडे पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडी, सोया, गहू अशांचा उल्लेख सक्तीचा आहे, पण तीळ त्या यादीत नाही. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मागची पूर्ण यादी वाचल्याशिवाय पाकीट उचलू नये.

जहाजावर चढल्यावर लाइफ जॅकेटची ड्रिल झाली. ती सगळ्यांना सक्तीची असते. लोक स्विमिंग पूलकडे पळाले, मी मेडिकल सेंटर शोधायला. तिथल्या डॉक्टरांनी कपाट उघडून ॲड्रिनॅलिन आणि ऑक्सिजन दाखवला आणि केबिनच्या फोनवरून कोणता नंबर लावायचा ते सांगितलं. म्हणाले, "पहला डोस आप देंगी. हमारा इंतज़ार मत कीजिए." तपासणीचे आणि औषधांचे पैसे केबिनच्या बिलात लागतात. प्रवासविमा काढताना मनूची ॲलर्जी लपवली नव्हती ते एका अर्थी बरंच केलं.

आणि मग रात्रीचं जेवण.

आमच्या टेबलाचा कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचा प्रमुख, हसतमुख होता. बुकिंगमधली नोंद त्याच्याकडे पोचलेली होती, म्हणजे यंत्रणा चालत होती. त्याने मनूसाठी वेगळी बिर्याणी आणली आणि अभिमानाने म्हणाला, "मॅडम, काजू बिलकुल नहीं, बादाम भी नहीं. शेफ ने ख़ुद देखा है." शेजारी छोट्या वाटीत चॉकलेटी रंगाचा, वर तेल आलेला रस्सा. मनूने चमचा उचलला.

मला वास आला. भाजून वाटलेल्या फल्लीचा वास. पाच वर्षं घरात नाही, तरी विदर्भात जन्मलेल्या नाकाला तो चुकत नाही. मी तिचा हात धरला. चमचा टेबलावर पडला, पांढऱ्या कापडावर रस्सा सांडला. तो मिरची का सालन होता, हैदराबादी. त्याचा सगळा दाटपणा शेंगदाणे, तीळ आणि खोबऱ्याच्या वाटणातून येतो.

कॅप्टन गोंधळून गेला. "लेकिन मॅडम, इसमें नट्स नहीं है. ये तो मूंगफली है."

चिडायला मला जागाच नव्हती. नट्स म्हटलं की आपल्याकडे काजू-बदाम-पिस्ता डोळ्यांसमोर येतो. शेंगदाणा जमिनीखाली वाढतो, द्विदल वर्गातला, हरभऱ्या-वाटाण्याचा नातेवाईक. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने कॅप्टनच बरोबर होता. चौकोनावर टिक मी केली होती, आणि शेंगदाणा हा शब्द कुठेही लिहिला नव्हता. खरं तर मला हे कळायला हवं होतं. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणणारे लोक. पुण्याच्या मावशीने एकदा भाजीवाल्याकडे माझ्या तोंडचं 'दहा रुपयांचा सांबार' ऐकलं तेव्हा ती किती हसली होती.

मनूचा हात साबणाने धुतला. जहाजावर प्रत्येक रेस्टॉरंटच्या दारात सॅनिटायझर असतं, पण त्याने शेंगदाण्याचा अंश जात नाही, साबण-पाणीच लागतं. तासभर तिच्याकडे बघत बसलो. काही झालं नाही. तिने चव घेतलीच नव्हती.

रात्री साडेदहाला रेस्टॉरंट मॅनेजर आणि शेफ दोघे भेटले. मी कागद काढला आणि म्हटलं, किचनमध्ये कोण कोण आहे ते सांगा, प्रत्येकाच्या भाषेतला शब्द लिहू. शेफला ही कल्पना माझ्यापेक्षा जास्त आवडली. हिंदीत मूंगफली. फरसाण बघणारा गुजराती, तो सिंग म्हणतो. तंदूरवर बंगाली, त्याचा शब्द चिनाबादाम, आणि गंमत म्हणजे त्याच्या भाषेत शेंगदाणा बदामच निघाला. बेकरीत दोघे फिलिपिनो, ते मनी म्हणतात. पाण्याचे ग्लास भरणारा आलप्पुळचा पोरगा मागे उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "कप्पलंडी." मग हसून पुढे म्हणाला, "कप्पल म्हणजे जहाज, मॅडम. जहाजातून आलेली बी." म्हणजे ही वस्तू तिच्या नावानिशीच जहाजावर बसली होती. सासूबाईंनी तो शब्द दोनदा म्हणून घेतला.

शेफने ते कार्ड पातळ प्लास्टिकमध्ये घालून गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये, मनूच्या नावाने लावलं. दुसऱ्या दिवसापासून ठरलं ते असं: बुफे बंद. एका ताटातला चमचा दुसऱ्यात जाताना मी स्वतः पाहिला होता. तळलेलं काही नाही, कारण कढई सगळ्यांची एक. रोज संध्याकाळी कॅप्टन उद्याचा मेनू आणणार, आम्ही तीन पदार्थ निवडणार, ते वेगळ्या भांड्यात होणार. चार दिवस मनूने वरण-भात, फुलके, पास्ता आणि ऑम्लेट खाल्लं आणि तिची काही तक्रार नव्हती. तक्रार झाली ती आइसक्रीमपाशी. सगळे स्कूप एकाच पाण्याच्या भांड्यात बुडत होते, आणि बाजूच्या डब्यात शेंगदाणा-चॉकलेट होतं. तिथे मी नाही म्हटलं तेव्हा ती रडली, आणि चारचौघांसमोर मोठ्याने रडली. एका बाईंनी "अहो, द्या की एक कप" असं म्हटलंही. शेवटी कॅप्टनने आतून न उघडलेला छोटा कप आणून दिला.

गुरुवारी सासूबाईंचा उपवास होता. बुफेवर साबुदाण्याची खिचडी, वर पांढरंशुभ्र कूट. त्या ताट घेऊन आमच्यापासून चार टेबलं लांब, एकट्या, काचेशी जाऊन बसल्या. जेवून आल्या त्या आधी वॉशबेसिनकडे गेल्या. मी काही बोलले नाही, त्याही नाही.

लक्षद्वीपच्या आगत्ती बेटाला जहाज दूरच उभं राहतं, आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जायचं. औषधांचा डबा जेवणाच्या इन्सुलेटेड पिशवीत, बर्फाशिवाय, माझ्या गळ्यात. उन्हात तापू द्यायचा नाही, गोठवायचाही नाही. पाणी इतकं निळं की मनूने विचारलं, यात रंग टाकलाय का. जेवण सहलीत सगळ्यात सोपं इथेच गेलं: भात, तळून न घेतलेला ट्यूना, नारळ. वाढणाऱ्या बाईंना सासूबाईंनीच पुढे होऊन विचारलं, "कप्पलंडी?" बाईंनी 'नाही' अशी मान हलवली. मी कार्डही दाखवलं, माझा स्वभाव.

परतीचा दिवस समुद्र खवळला. नवरा आडवा, मी आडवी. मनू आणि आजी पत्ते खेळत होत्या. फोनला रेंज नव्हती आणि वायफायचे दर ऐकून आम्ही ते घेतलं नव्हतं, त्यामुळे तो दिवस फार लांबला.

उतरताना शेफने कार्ड परत दिलं. कोपरा वाफेने वर वळलेला, मधोमध हळदीचं बोट. सीएसएमटीवरून रात्रीची दुरंतो धरली आणि ॲम्प्यूल दोन्ही न फोडता नागपूरला आल्या. एक्सपायरीचा महिना फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिला.

पुढच्या आठवड्यात मनूची शाळेची सहल पेंचला आहे. आचारी छिंदवाड्याकडचा आहे असं बाईंनी सांगितलं. कार्ड पाठवायला काढलं तेव्हा लक्षात आलं, त्यावर पाच भाषांतले शब्द आहेत, पण फल्ली नाही. तो आचारी नेमकं हेच म्हणत असणार. मार्करने सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं.