मिक्सर दुरुस्ती: घरघर गेली, चॅनल 9 अजून बाकी

जुना 12 चॅनलचा अॅनालॉग ऑडिओ मिक्सर टेबलावर उघडा पडलाय. तक्रारी तीन होत्या: मेन आउटला सतत घरघर, चॅनल 6 मधूनच गायब, आणि चॅनल 3 चा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवला की खरखर. चौथी काम करता करता सापडली.

आधी घरघर. सगळे फेडर खाली, मास्टरही खाली, तरी आवाज तसाच. डावीकडे, उजवीकडे, हेडफोनला, सगळीकडे सारखाच. या सगळ्यांत सामायिक काय, तर पॉवर सप्लाय. आवाजाचा पोतही तिकडेच बोट दाखवत होता. ग्राउंड लूपचा किंवा ट्रान्सफॉर्मरमधून घुसणारा हम मुख्यतः 50 हर्ट्झचा, खर्जातला असतो. ब्रिज रेक्टिफायरनंतरची (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरची) रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, 100 हर्ट्झची, आणि वरचे हार्मोनिक्स भरपूर असल्यामुळे ती कानाला टोचते. फोनवरच्या स्पेक्ट्रम अॅपमध्ये 100, 200, 300 वर खांब सरळ उभे दिसले.

उघडण्याआधी एक सांगतो. प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि फँटम पॉवरच्या (केबलमधून माइकला जाणारा पुरवठा) भागात तर 48 व्होल्टच्याही वर. 1 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर लावून तो उतरवायचा, मग मीटरने खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणग्या पाडणारे बहाद्दर मी पाहिलेत, त्यांच्या नादी लागू नका.

सप्लायमध्ये 7815 आणि 7915 हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर, म्हणजे अधिक-उणे 15 व्होल्टच्या दोन रेल (पुरवठ्याच्या वाटा). मीटर डीसीवर ठेवला तर दोन्ही रेल जवळपास बरोबर वाटतात, आणि फसगत होते ती इथेच. एसी मिलिव्होल्टवर टाकल्यावर खरं चित्र दिसलं: अधिक रेलवर जेमतेम 1 मिलिव्होल्ट, उणे रेलवर दोनशेच्या घरात. (काही स्वस्त मीटर एसीवरही डीसी मोजून बसतात. शंका आली तर प्रोबच्या वाटेत एक कपॅसिटर सिरीजमध्ये घाला.) मग रेग्युलेटरच्या इनपुटला मोजलं. अधिक बाजूला अर्धा व्होल्ट एसी, उणे बाजूला पूर्ण दोन.

हिशोब सोपा आहे. रिपल म्हणजे करंट भागिले (वारंवारिता गुणिले कपॅसिटन्स). साधारण 400 मिलिअँपिअर, 100 हर्ट्झ आणि 2200 मायक्रोफॅरड धरले तर शिखरापासून दरीपर्यंत 1.8 व्होल्ट, सॉटूथसारखा आकार धरला तर मीटरवर साधारण अर्धा व्होल्ट. अधिक बाजू अगदी अशीच. उणे बाजूला चौपट, म्हणजे 2200 मधले पाचेकशे मायक्रोफॅरडच शिल्लक. दरी इतकी खोल की 7915 ला आउटपुटपेक्षा इनपुटला जास्त लागणारा दीडदोन व्होल्टचा फरकच मिळेना, आणि सेकंदाला शंभर वेळा तो हात टेकत होता. रेग्युलेटर शाबूत, कपॅसिटर सुकलेला. बरोबर त्याच्या शेजारी हीटसिंक, त्यामुळे नवलही नाही. 105 अंशांचा, 35 व्होल्टचा नवा बसवला. जोडीचाही बदलला, कारण त्याने तेवढाच उन्हाळा सोसलाय. घरघर गेली.

जाता जाता: 7815 चा टॅब (पाठीवरचा धातूचा पत्रा) ग्राउंड असतो, 7915 चा टॅब मात्र इनपुटला जोडलेला. टॅबला ग्राउंड समजून प्रोब लावू नका आणि त्याखालचा अभ्रकाचा इन्सुलेटर हरवू नका.

चॅनल 6 चं काम झटपट झालं. इन्सर्ट जॅकमध्ये (चॅनलच्या वाटेत बाहेरचं यंत्र जोडायची जागा) प्लग घालून काढला की आवाज परत यायचा. प्लग नसताना सिग्नल जॅकच्या आतल्या स्विचिंग पत्तीतूनच पुढे जातो आणि तीच काळी पडली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि प्लगची थोडी आत-बाहेर, झालं. मधूनच मरणाऱ्या चॅनलवर सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी हे करून बघाच.

चॅनल 3 चा फेडर क्लीनरने दोनच दिवस सुधारला, तेव्हा संशय आला. फेडरच्या वरच्या टोकाला डीसी मोजला: 300 मिलिव्होल्ट. शेजारच्या चॅनलवर 2. म्हणजे ट्रॅक दोषी नव्हताच. आधीच्या टप्प्याचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) डीसी गळवत होता आणि ट्रॅकवर घसरणारा वायपर (फेडरचा सरकता संपर्क) तो आपल्याला ऐकवत होता. 10 मायक्रोफॅरडचा नवा लावला, फेडर गप्प. फेडर बदलायला निघालेल्यांनी आधी ही एक मोजणी करावी, कारण जुना फेडर नेमक्या मापाचा मिळणं कठीण असतं.

सरसकट सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. माझा त्याला विरोध आहे. सोल्डरचे शेकडो डाग काढून पुन्हा घालायचे म्हणजे जुन्या बोर्डावरचे पॅड उखडण्याची सोय. मोजा, मग बदला.

आता चॅनल 9. फेडर वर केला की हिस्स इतरांपेक्षा स्पष्ट जास्त. सगळ्या ड्युअल ऑपअँपच्या (एकात दोन अॅम्प्लिफायर असलेल्या आयसीच्या) 1 आणि 7 नंबरच्या, म्हणजे आउटपुटच्या, पिना डीसीवर तपासत गेलो. बाकी सगळ्या शून्याच्या आसपास, काही मिलिव्होल्ट इकडे-तिकडे. चॅनल 9 च्या इक्वलायझरमधल्या 5532 या ऑपअँपची पिन 7 मात्र उणे 2.1 व्होल्टवर बसलीये. आयसी बिघडलाय की फीडबॅकच्या वाटेवर ड्राय सोल्डर (नीट न पकडलेला जोड) आहे, हे अजून ठरायचंय. आधी भिंगाखाली डाग बघून, संशयित ते पुन्हा तापवून घेतो. तरी व्होल्टेज हललं नाही तर आयसी काढून तिथे सॉकेट.