भाड्याचा कॅमेरा आणि मागच्या शूटिंगवाल्याच्या सेटिंग्ज

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा आणि कॅमेरा हातात येतो दुपारी तीनला. भाड्याच्या कॅमेऱ्याचं बहुतेकदा असंच असतं. जाडजूड मॅन्युअल वाचत बसायला तेव्हा वेळ नसतो, आणि अख्खं वाचायची गरजही नसते. रेकॉर्ड, झूम, फोकस कुठे आहे ते पाच मिनिटांत सापडतं. घात करतात त्या मागच्या माणसाने स्वतःच्या कामासाठी बदलून ठेवलेल्या सेटिंग्ज. म्हणून आधी मेन्यूमधून रीसेट मारा. मग तारीख-वेळ आणि रेकॉर्डिंगचा वेग ५० हर्ट्झचा की ६०चा, हे दोन्ही पुन्हा तपासा. आपल्याकडे ५०च हवं; मेन्यूत ते ५०आय, ५०पी किंवा २५पी असं दिसतं. सोनीच्या बऱ्याच हँडिकॅम बांधणीच्या मॉडेलांत ६०वरून ५०वर आल्यावर कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. ते घरीच उरका, नाट्यगृहात नाही.

पुढचं सगळं सोनीच्या एनएक्स१०० किंवा झेड१५० या वर्गातल्या, एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्यावर शाळेचं स्नेहसंमेलन शूट करायचं आहे असं धरून लिहितो. दुसरा कॅमेरा असला तर बटनांच्या जागा बदलतील, क्रम तोच राहील.

सुरुवात व्ह्यूफाइंडरच्या डायॉप्टरपासून, म्हणजे आपल्या नजरेप्रमाणे तो स्पष्ट करायच्या चाकापासून. तो दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेला असतो. स्क्रीनवरची अक्षरं धारदार दिसेपर्यंत फिरवा, नाहीतर रात्रभर फोकसवर संशय घेत बसाल. मग फुल ऑटोचा स्विच बंद. आयरिस (लेन्समधलं उजेडाचं भोक), गेन (उजेड इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाढवणं), शटर (प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसण्याची जुळणी) चारही मॅन्युअल.

शटर १/५० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० ला ते दिसत नाही, १/६० ला चित्र धडधडतं. मागच्या एलईडी वॉलचा वेग मात्र विजेशी जुळलेला नसतो. तिच्यावर आडवे पट्टे सरकत असतील तर मेन्यूत ईसीएस किंवा क्लिअर स्कॅन (शटरचा वेग बारीक पायऱ्यांनी बदलायची सोय) शोधा आणि पट्टे थांबेपर्यंत शटर बारीक बारीक बदला. ही सोय नसेल तर वॉल फ्रेममध्ये कमीत कमी घ्या.

एनडी फिल्टर म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच; तिची कळ एकदा हाताने चाचपून बघा. कोणीतरी उन्हातली वरात शूट करून १/१६ वर सोडलेली असते. म्हणजे चार स्टॉप उजेड गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि तुम्ही अंधार समजून गेन चढवत बसता. गेनच्या एल-एम-एच कळीवर बहुतेकदा ०, ९, १८ डीबी असतं. ते ०, ६, १२ करून घ्या. या सेन्सरवर १२ चालून जातं, १८ला काळ्या पडद्यावर दाणे दिसतात.

आता एक्स्पोजर. काळा पडदा आणि त्यापुढे स्पॉटमधला मुलगा अशा दृश्यात ऑटो आयरिस पडद्याचा अंधार बघून उघडतो आणि चेहरा पांढराफटक करतो. झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर स्क्रीनवर तिरप्या रेघा दाखवणारी सोय) ७० टक्क्यांवर लावा. उजळ चेहऱ्यावर कपाळ आणि गालाच्या उंचवट्यावर जेमतेम रेघा दिसाव्यात, सावळ्या चेहऱ्यावर नाही दिसल्या तरी चालेल. रेघा आणण्यासाठी आयरिस उघडू नका. दुसरा झेब्रा १०० वर ठेवा, पांढऱ्या कुर्त्यांवर लक्ष ठेवायला.

या दोन्ही कॅमेऱ्यांची लेन्स वाइडला एफ२.८ आणि पूर्ण झूमला एफ४.५ आहे. वाइडला २.८ वर सेट करून निवेदिकेवर झूम मारला की चित्र सव्वा स्टॉपच्या आसपास काळवंडतं. लोक लाइटवाल्याला शिव्या देतात, दोष लेन्सचा असतो. म्हणून आयरिस आधीच ४.५ वर नेऊन ठेवा आणि राहिलेला उजेड गेनने भरा. मग झूम कुठेही न्या, उजेड हलत नाही.

व्हाइट बॅलन्ससाठी साउंड चेकच्या वेळी लाइटवाल्याला मिनिटभर फक्त पांढरे दिवे लावायला सांगा. स्टेजच्या मधोमध पांढरा कागद धरा, फ्रेम भरून सेट करा, मेमरी ए मध्ये ठेवा. तेवढं जमलं नाही तर हॅलोजन पारकॅनला (स्टेजचे डब्यासारखे दिवे) ३२००, पांढऱ्या एलईडीला ५६०० केल्व्हिन. नाचाला लाल-निळे दिवे येतील तेव्हा ऑटोवर जायचा मोह आवरा. लाल उजेड लालच दिसायला हवा.

फोकस मॅन्युअल. पूर्ण झूम करून माइकच्या स्टँडवर नेमका लावा, मग मागे या. पीकिंगचा (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) रंग लाल ठेवा, पांढरा रंग दिव्यांत हरवतो. ऑटोफोकस ब्लॅकआउटमध्ये आणि धुराच्या मशीनसमोर चाचपडतो. फेस डिटेक्शनची तर वेगळीच गंमत: मागच्या फ्लेक्सवर अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि शुभेच्छुक असे डझनभर चेहरे असतात, आणि कॅमेरा नाचणाऱ्या मुलांना सोडून शुभेच्छुकांवर स्थिरावतो. ट्रायपॉडवर स्टेडीशॉट (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करा, नाहीतर पॅन थांबल्यावरही फ्रेम किंचित वाहत राहते. ट्रायपॉडची प्लेट दुकानातच बसवून बघा. एका कंपनीची प्लेट दुसऱ्या हेडवर बसेलच असं नाही.

आवाजाला सर्वात जास्त वेळ द्या. चित्र थोडं दाणेदार असलं तरी पालक बघतात, आवाज फुटला तर व्हिडिओ बंद करतात. साउंडवाल्याकडून रेकॉर्ड आउट किंवा ऑक्सची लाइन घ्या आणि कॅमेऱ्याच्या एक्सएलआर १ ला (तीन पिनांचं ऑडिओ सॉकेट) लावा. शेजारचा स्विच लाइन, माइक आणि माइक+४८ व्होल्ट असा तीन घरांचा असतो. मिक्सरची वायर माइकवर आली की आवाज चिरकतो, आणि लेव्हल कितीही खाली ओढली तरी सुधारत नाही, कारण तो आत शिरतानाच फुटलेला असतो. ४८ व्होल्टवर ठेवाल तर मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलटी वीज जाते. स्विच आधी लाइनवर आणा, मगच वायर खोचा.

एक्सएलआर २ ला हॉलचा आवाज घेणारा साधा माइक. मिक्सरच्या लाइनमध्ये टाळ्या नसतात, आणि ज्या तबल्यासमोर माइक नाही तो तबलाही नसतो. दोन्ही चॅनेल मॅन्युअल. निवेदकाला मोठ्याने बोलायला लावून मीटरवर सरासरी उणे २० आणि सर्वात मोठा आवाज उणे १२ डीबीपर्यंत ठेवा. ढोल-लेझीम येणार असेल तर लेव्हल आणखी खाली. हेडफोनमध्ये दोन्ही चॅनेल आलटून पालटून ऐका. बारीक घूंऽऽ येत असेल तर बहुतेकदा कॅमेऱ्याचा अॅडाप्टर आणि मिक्सर वेगळ्या बोर्डांवर आहेत. अॅडाप्टर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर कारण सापडलं. मग बॅटरीवरच राहा किंवा आवाजाच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. ६४ जीबीवर ५० एमबीपीएसने पावणेतीन तासांच्या आत-बाहेर मावतं, १०० एमबीपीएसच्या फोरकेला दीड तासही नाही. फोरकेला यू३ (वेगाची खूण असलेलं) कार्ड लागतं. दोन स्लॉट असतील तर दोन्हींवर एकदम रेकॉर्डिंग लावा. आणि टाइमकोड (स्क्रीनवरचे वेळेचे आकडे) फ्री रनवर नाही ना, बघा. फ्री रनमध्ये रेकॉर्डिंग बंद असतानाही आकडे पळत राहतात. त्यांच्या भरवशावर अर्धं नाटक निसटतं. रेक रनवर ठेवा, म्हणजे आकडे रेकॉर्डिंग चालू असतानाच पळतील, आणि लाल खूणही बघा. एक बटन ग्रिपवर, दुसरं हँडलवर असल्याने चुकून दोनदा दाबलं जाणं सोपं आहे.

तीन मिनिटांचं टेस्ट रेकॉर्डिंग करून लॅपटॉपवर हेडफोन लावून ऐका, कॅमेऱ्याच्या स्पीकरवर नको. कार्यक्रमानंतर नुसत्या फाइली ओढून घेऊ नका, प्रायव्हेट नावाचा फोल्डर पूर्ण कॉपी करा. एव्हीसीएचडी हा रेकॉर्डिंगचा फॉरमॅट लांब क्लिपचे २ जीबीचे तुकडे पाडतो. ते सुटे उचलून जोडले की सांध्यावर आवाजाला गचका बसतो. दोन डिस्कवर कॉपी झाली, शेवटच्या क्लिपचा शेवटचा मिनिट चालवून पाहिला, की मग कार्ड पुसा.