कुठला देश चांगला, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मे महिन्यात सांगलीहून एका गृहस्थांचा फोन आला. माझ्या मावसबहिणीच्या ओळखीचे. मुलीला टेक्सासात आणि जर्मनीत, दोन्हीकडे एमएसला प्रवेश मिळाला होता, इंग्लंडचंही उत्तर यायचं होतं. "ताई, तुम्ही तिन्हीकडे राहिलात. कुठला देश चांगला ते एका वाक्यात सांगा, म्हणजे मी बँकेत कर्जाचं पुढे बघतो."

मला एका वाक्यात सांगता आलं नाही. २००६ ते २०१३ आम्ही अमेरिकेत होतो, मग पाच वर्षं इंग्लंडात आणि पुढची पाच जर्मनीत. पुण्याला परत आल्यापासून लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, बँकेच्या रांगेतसुद्धा मला हा प्रश्न विचारतात. काहींना वाटतं तिकडे सगळं आलबेल आहे. काहींनी यूट्यूबवर सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवरचे तंबू पाहिलेले असतात, आणि "आता तिकडेही काही राहिलं नाही हो" असं म्हणताना त्यांच्या आवाजात समाधान असतं. त्या समाधानाचा मला राग येतो. त्या तंबूंत माणसं राहतात. जानेवारी २०२४ मध्ये एका रात्रीत केलेल्या मोजणीत अमेरिकेत सुमारे ७ लाख ७० हजार माणसं बेघर सापडली होती.

सतरा वर्षांत मला जे कळलं ते असं. आजारपण, बाळंतपण, घरभाडं, म्हातारपण यांतलं कुठल्याही देशात काही चुकत नाही. हे ओझं कुणी उचलायचं हे प्रत्येक देशानं कधीतरी ठरवून टाकलंय, आणि माणसं तिथे कशानं मोडतात ते त्या ठरवण्यावर अवलंबून असतं.

अमेरिकेत ते ओझं ज्याचं त्यानं उचलायचं. आम्ही डॅलसजवळ अर्व्हिंगला राहायचो. २०११ मध्ये एका रात्री नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं. दोघांच्याही नोकरीतून विमा होता, हॉस्पिटल विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांत, आहे हे मी गाडीत बसण्याआधी तपासलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं, नर्स अतिशय मायेनं वागल्या. अडीच महिन्यांनी पोस्टानं वेगळं बिल आलं. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये होतं, पण भूल देणारे डॉक्टर नव्हते. ज्या माणसाला स्ट्रेचरवरून आत नेलंय त्यानं भूलतज्ज्ञाचं नेटवर्क विचारायला हवं होतं, असा त्याचा अर्थ. फोनवर फोन करून, हप्ते बांधून आम्ही ते फेडलं. अशी बिलं रोखणारा कायदा २०२२ च्या जानेवारीत लागू झाला.

हे असं का, याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ मध्ये सरकारनं पगारवाढीवर बंधन घातलं. माणसं टिकवायला कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्यविमा द्यायला सुरुवात केली, नंतर त्याला करसवलत मिळाली आणि तात्पुरती सोय कायमची झाली. म्हणून आजही तिकडे नोकरी जाते तेव्हा पाठोपाठ विमाही जातो. आपल्या एच-वनवाल्यांचं, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांचं, तर तिहेरी असतं: नोकरी, विमा, आणि ६० दिवसांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश. ज्या माणसाला डॉक्टरची सगळ्यात जास्त गरज पडू शकते, त्याच वेळी त्याच्याकडून डॉक्टर काढून घेतला जातो. ही व्यवस्था मला तेव्हाही क्रूर वाटली, आजही वाटते.

आणि आम्ही तरी सुस्थितीतले होतो. विमा नसलेल्यांचं प्रमाण संपूर्ण अमेरिकेत सर्वाधिक कुठे, तर टेक्सासात. २०१० च्या कायद्यानं गरिबांसाठीची मेडिकेड योजना वाढवायची सोय केली, टेक्सासनं ती घेतली नाही. आमच्या ऑफिसची सफाई करणाऱ्या बाई दाढदुखीवर लवंग ठेवून काम करायच्या. त्या मेक्सिकोच्या, पण तो उपाय माझ्या आजीचा होता.

माझा मुलगा तिकडेच जन्मला, २०१० साली. बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. १९९३ चा कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी आणि तेही ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीला लागू नाही. मी आठव्या आठवड्यात कामावर गेले. रिसेप्शनवरची मुलगी तिसऱ्या आठवड्यात आली होती, उभी राहिली की टेबलाला धरायची. आपल्याकडे २०१७ पासून संघटित क्षेत्रातल्या बाईला २६ आठवडे पगारी रजा आहे, हे मी जेव्हा तिकडच्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या दोनदा विचारतात. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करते, जर्मनी १२ च्या आसपास, ब्रिटन ११ च्या. सरासरी आयुष्य मात्र अमेरिकेत या दोघांपेक्षा कमी आहे.

इंग्लंडात आम्ही लंडनच्या पश्चिमेला स्लावला राहिलो. पहिल्यांदा मुलाला तापात जीपीकडे, म्हणजे वस्तीतल्या डॉक्टरकडे, नेलं, औषध घेतलं आणि काउंटरवर कार्ड काढून उभी राहिले. तिथल्या बाईनं हसून हात हलवला. मुलांना औषधाचे पैसे पडत नाहीत. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि मला रडू आलं. सात वर्षं आजारपणाआधी पैशाचा विचार करायची सवय लागली होती, ती तिथे पार्किंगमध्ये सुटली.

पण शेजारच्या आजी कमरेच्या सांध्याच्या ऑपरेशनसाठी वर्षाहून अधिक थांबल्या होत्या. जिन्यावरून त्या बसत बसत, एकेक पायरी खाली यायच्या. नियम सांगतो १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडची वेटिंग लिस्ट ७७ लाखांवर गेली होती. फुकट दिलं की रांग लागणारच, असं आपल्याकडे लगेच म्हणतात. ते खरं नाही. २०१० नंतर सरकारनं खर्च आवळला. आरोग्यसेवेला मिळणारे पैसे गरजेच्या मानानं अगदी हळू वाढले, आणि म्हाताऱ्यांची घरी काळजी घेणाऱ्या सेवेचे पैसे ज्या स्थानिक कौन्सिलांकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकांकडून, येतात त्यांची अनुदानं कापली. त्यामुळे बरा झालेला म्हातारा हॉस्पिटलातच पडून राहतो, कारण घरी बघायला कुणी नाही. त्याची खाट अडते, खाट अडली की ए अँड ईमधला, म्हणजे तातडीच्या विभागातला, पेशंट कॉरिडॉरमध्ये थांबतो, आणि ऑपरेशनची तारीख पुढे जाते.

त्या आजींना मी एकदा म्हटलं, तुम्हाला चीड येत नाही का? त्या म्हणाल्या, येते ना, पण रांगेवर येते, एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर, नाही. ५ जुलै १९४८ ला ती सुरू झाली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्याआधी त्यांची आई डॉक्टरच्या फीसाठी पत्र्याच्या डब्यात नाणी साठवायची आणि कुठल्या मुलाला नेण्याइतके पैसे झालेत ते मोजायची. एवढं ऐकल्यावर मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला विचाराल तर तत्त्व इंग्लंडचंच बरोबर आहे, आणि ते तत्त्व उपाशी ठेवलं जातंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शनिवारी मी चर्चच्या हॉलमध्ये फूड बँकेत मदतीला जायचे. डाळीचे डबे, पास्ता, डायपर यांच्या पिशव्या भरायच्या. मला वाटलं होतं बेकार माणसं येतील. येणाऱ्यांत कामावरचा गणवेश घातलेली माणसंही होती. सरकारी मदतीचा अर्ज केल्यावर पहिला हप्ता हाती यायला साधारण पाच आठवडे लागतात, आणि भाडं तर दर महिन्याला द्यावं लागतं. ट्रसेल या संस्थेच्या फूड बँकांच्या जाळ्यातून २०१०-११ मध्ये सुमारे ६० हजार पिशव्या गेल्या होत्या, २०२३-२४ मध्ये ३१ लाख. भाड्याचं मूळ आणखी मागे आहे. १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं कौन्सिलच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरं सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. इंग्लंडात जवळपास २० लाख घरं अशी विकली गेली. घेणाऱ्यांचं भलं झालं. पण विकल्या घराच्या जागी नवीन घर बांधायला कौन्सिलांना पुरेसे पैसे वापरू दिले नाहीत, आणि पुढच्या पिढीला खासगी घरमालकाच्या दारात उभं केलं. आमच्या गल्लीत एकेकाळचं कौन्सिलचं घर घेऊन घरमालक त्यात खोल्या पाडून भाड्यानं द्यायचा. एका खोलीत चौघांचं कुटुंब होतं. त्यांचा मोठा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गात, अभ्यास जिन्यात बसून करायचा.

जर्मनीबद्दल लोक कमी विचारतात, भाषेचं बोलून थांबतात. तिथे ओझं पगारातून सगळ्यांमध्ये वाटून घेतात. बिस्मार्कनं १८८३ मध्ये आरोग्यविम्याचा कायदा केला तेव्हापासून कामगार आणि मालक दोघं मिळून तो भरतात. नोकरी गेली तरी क्रांकेनकासे, म्हणजे विमा संस्था, तुम्हाला सोडत नाही. तिथला त्रास वेगळा आहे: व्यवस्थेच्या आत आहात तोवर ठीक, आत शिरणं अवघड. श्टुटगार्टला एक फ्लॅट बघायला गेलो तर बघणाऱ्यांची रांग तिसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत होती, प्रत्येकाच्या हातात पगाराच्या पावत्यांची फाइल. परदेशी आडनावाच्या अर्जांना उत्तरच यायचं नाही. वर्षाच्या मुलाला किटात, म्हणजे पाळणाघरात, जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे. जागा मात्र पुरेशा नाहीत, सांभाळणारी माणसं नाहीत.

मला सर्वांत लागलं ते शाळेचं. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. कुणी विद्यापीठाच्या वाटेवरच्या गिम्नाझियममध्ये, कुणी दुसरीकडे. नंतर बदलता येतं, पण सोपं नसतं. माझा मुलगा आठव्या वर्षी तिकडे गेला, दोन वर्षांत जर्मन शिकला. आम्ही संध्याकाळी तासन्‌तास त्याच्यासोबत बसलो म्हणून तो गिम्नाझियमला गेला. त्याचा तुर्की मित्र गणितात त्याच्यापेक्षा हुशार होता. त्याचे वडील रात्रपाळीला असायचे, आई जर्मन वाचायची नाही. तो गेला नाही. कागदावर दोघांना एकच संधी होती.

सांगलीच्या त्या गृहस्थांना मी विचारलं, कर्ज किती काढताय, आणि मुलगी आजारी पडली किंवा नोकरी लांबली तर हप्ता कोण भरणार? ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, घर गहाण आहे. तेव्हा मी स्पष्ट सांगितलं: पगार टेक्सासात जास्त मिळेल, पण चूक परवडायची नाही. इंग्लंडचं येऊ दे, पण तिथे व्हिसाबरोबरच आरोग्याचा सरचार्ज भरावा लागतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पाउंड, आणि वर खोलीचं भाडं. माझी मुलगी असती तर मी जर्मनीला पाठवली असती, आणि आजपासून भाषेला बसवली असती.

ती ऑक्टोबरमध्ये गेली. परवा तिचा मेसेज आला: मावशी, खोली मिळाली, स्वस्त आहे, फक्त घरमालक म्हणतो पत्ता नोंदवायचा नाही. तिकडे त्या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात आणि तिच्याशिवाय रहिवासाच्या परवान्याचं काम अडतं, साधं बँकेचं खातंही अडू शकतं. मी तिला लिहिलं, ती खोली घेऊ नकोस, आणखी आठवडाभर हॉस्टेलला राहा, लागतील ते पैसे मी पाठवते.