सीन 23 नको

एवढंच लिहिलं होतं. लाल पेनाने, समासात, खाली दोन रेघा मारून. मुंबईच्या निर्मात्यांच्या ऑफिसातून माझ्या पटकथेची प्रिंट परत आली होती. मी इथे फैजपूरला भर मे महिन्यात पंख्याखाली बसलेली. फाईल उघडली, सीन 23 निवडला, उडवला. एक नोट, म्हणजे त्यांनी सुचवलेली दुरुस्ती, संपली म्हणून चहा टाकला.

महिन्याभराने फोन. "मॅडम, विहिरीचा सीन कुठे गेला? सगळ्यांना तोच तर आवडला होता!"

झालं होतं असं, की ती प्रिंट दुसऱ्या ड्राफ्टची. ती तिकडे पाच आठवडे पडून होती, तोवर मी तिसऱ्या ड्राफ्टमध्ये सुरुवातीलाच दोन सीन वाढवले होते. म्हणजे त्यांचा 23 माझ्याकडे 25 झाला होता. त्यांना नको होता बसस्टँडचा सीन, आणि मी मारला विहिरीचा. बसस्टँड जिथल्या तिथे, मजेत.

वादळात केळीची बाग आडवी झालेल्या घराची ही गोष्ट. ती सुचली, लिहिली, लेखकांच्या संघटनेकडे ऑनलाइन नोंदवली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसरा ड्राफ्टही सुरळीत झाला. अडलं ते नोट्सपाशी. निर्मात्यांच्या प्रिंटवर, दिग्दर्शकांच्या व्हॉइस मेसेजमध्ये, आणि वर आमचा भाऊ जेवताना सांगणार ते वेगळंच. "तो मधला सीन जरा टाईट करा" असा सहा मिनिटांचा मेसेज मी चार वेळा ऐकला. मधला म्हणजे कोणता, हे त्या सहा मिनिटांत कुठेच नाही. मागे गाड्यांचे हॉर्न मात्र स्वच्छ.

मग मी शहाणपणा केला. हॉलिवूडमध्ये सुधारलेली पानं रंगीत कागदावर छापतात: आधी पांढरी, मग निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी. हे वाचून गावातल्या स्टेशनरीवाल्याकडे गेले. निळा कागद नव्हता, गुलाबी होता. तोच आणला आणि सीनचे नंबरही लॉक करून टाकले. नंबर लॉक केले की मध्ये घातलेला नवा सीन 23ए होतो, आणि काढलेल्या सीनचा नंबर 'वगळला' असं लिहून तसाच ठेवतात. आठवड्यात माझ्याकडे 23ए, 23बी, 23सी आणि ओळीने चार 'वगळला' अशी भुसावळच्या यार्डात उभ्या डब्यांसारखी रांग लागली. नंतर कळलं, ही पद्धत शूटिंगच्या तयारीला लागल्यावरची. तोवर सगळ्या खात्यांनी आपापली कामं त्या नंबरांवर बांधलेली असतात, म्हणून नंबर हलवायचे नाहीत. घरात बसून पुनर्लेखन करणाऱ्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नाही. गुलाबी कागद किराण्याच्या याद्यांना कामी आला.

शेवटी दोनशे पानी वही काढली. डाव्या पानावर नोट, त्यांच्याच शब्दांत, मनाने सुधारून नाही. कोणाची, कधी आली, आणि कोणत्या ड्राफ्टवरची. हे शेवटचं नसेल तर नोट वहीत घ्यायचीच नाही, आधी फोन करून विचारायचं. उजव्या पानावर मी काय केलं ते. नसेल केलं तर का नाही. सीनला नंबराऐवजी नावं दिली: विहीर, बसस्टँड, बँकेचा हप्ता, कानबाई (हा आमचा खानदेशातला सण). नंबर सरकतात, विहीर सरकत नाही.

फाईल पीडीएफच पाठवा, हे राहिलंच सांगायचं. वर्डची पाठवली आणि त्यांच्याकडे आपला देवनागरी फॉन्ट नसला की पानं पुढेमागे होतात. मग "पान 40 बघा" म्हटलं की ते एक बघतात, आपण दुसरंच.

गोष्ट हलवणाऱ्या नोट्स आधी घ्या, संवादांच्या मागून. मी बसस्टँडचे नऊ संवाद घासून लख्ख केले होते, आणि गेला तो सीन. एका नोटेने किती सीन हलतात हेही तेव्हाच लिहून ठेवायचं. "वादळ इंटरव्हलला घ्या" ही ओळ दिसायला केवढीशी! पण केळीला झोपवणारं वादळ आमच्याकडे मे-जूनचं, आणि कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. वादळ उशिरा नेलं की कानबाईच्या रोटांचा, म्हणजे नैवेद्याचा, सीन त्याच्या आधी येतो, मग कर्जाचा उसवतो, असे सात सीन निघाले. त्यावर ऑफिसचं म्हणणं, कानबाई थोडी पुढे ढकलता येईल का? म्हटलं, कानबाईच्या डेट्स माझ्याकडे नाहीत.

दोन नोट्स एकमेकींच्या विरुद्ध असतील तर आपण न्याय करत बसायचं नाही. गोष्टीतल्या आईची अहिराणी दिग्दर्शकांना हवी होती, निर्मात्यांना कमी करून. मी दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून दोघांना एकाच मेसेजमध्ये पाठवल्या. अहिराणी राहिली.

विहिरीचा सीन त्या जुन्या प्रिंटमध्येच सापडला, लाल पेनाच्या दोन पानं अलीकडे. परत टाईप करताना अर्धं पान कमी झालं, आणि खरं सांगायचं तर बरं झालं. चौथा ड्राफ्ट पाठवला. परवा मेसेज आला: "सीन 24 मस्त. हात लावू नका."

कोणत्या ड्राफ्टमधला, हे विचारायला लगेच फोन केला. साहेब जेवायला गेले होते.