रविवारची अख्खी कोंबडी

आज घरी फ्रेंच पद्धतीचं रोस्ट चिकन केलं, तिकडे पुले रोती म्हणतात, आणि खरं सांगते मसाला चिमूटभर पण नाही, फक्त मीठ मिरपूड बटर लिंबू लसूण आणि क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला थाइम, म्हणजे एक सुगंधी पाला. कोंबडी स्किनसकट हवी हं, आपल्याकडे चिकनवाले न विचारता सोलूनच देतात म्हणून आधीच सांगून ठेवलेलं. काल रात्री मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडीच ठेवली कारण स्किन कोरडी झाली तरच कुरकुरीत होते, या दमट हवेत तर फ्रीजशिवाय ते शक्यच नाही. सव्वा किलोची होती, ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, २०० डिग्रीला सव्वा तास, मांडीपाशी टोचल्यावर रस स्वच्छ आला तेव्हा काढली. मग १५ मिनिटं हात लावायचा नाही!! ट्रेच्या तळाला जे चिकटलेलं असतं ना तेच खरं सोनं, त्यात थोडं पाणी घालून खरवडून उकळलं की झाला सॉस, बटाटे पण त्याच चरबीत भाजलेले. आई आधी म्हणाली अगं वाटण कुठाय, आणि मग लादीपावाने ताट पुसून पुसून खाल्लं तिने. इतकं बरं वाटलं मला ते बघून. हाडांचा स्टॉक आत्ता गॅसवर आहे, उद्या सूप.