सहा इंची आरसा, आठवा आठवडा: काय घरी करायचं आणि काय मागवायचं

घरीच दुर्बीण बनवतोय आणि तिचा मुख्य आरसा काच घासून स्वतः तयार करतोय. रविवारी सकाळी आरशावर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि मध्यभागी फिलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्यांची) पानं सरकवून पाहिली. फट निघाली १.२५ मिमी. हवी होती १.१७. आरसा १५० मिमीचा, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं) १२०० धरलेलं, म्हणजे वक्रतात्रिज्या त्याच्या दुप्पट, २४००; तेवढ्याला मधली खोली १.१७ येते. १.२५ला नाभीय अंतर ११२५ होतं. दुर्बीण त्यातही चालली असती, पण २२० नंबरची जाडसर घासायची पावडर चालू आहे तोवर सुधारून घेणं सोपं, म्हणून टूल (ज्यावर आरसा घासतात ती दुसरी चकती) वर आणि आरसा खाली असं उलटं करून घासायला घेतलं. सहा बैठका गेल्या. आता फट १.२च्या किंचित आत आहे. पुढच्या आठवड्यात त्याहून बारीक ४०० नंबर.

जूनपासून आकाश बंद आहे, त्यामुळे आरसा घासायला याहून चांगला काळ नाही. पाण्याच्या पिंपावर फळी, फळीवर काच, आणि आपण भोवती फिरत राहायचं. पावडर ताजी असताना खरखर मोठी येते, मग हळूहळू बारीक होत जाते; आवाज मऊ झाला की पुसून नवी चिमूट टाकायची. हा आवाज कानाला एकदा कळला की घड्याळ लागत नाही.

या महिन्यात तिघांनी एकच प्रश्न विचारला: तयार आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या पायावरची आरशाची दुर्बीण) का घेत नाही? आणि लगेच पुढचा: तीच दुर्बीण अमेरिकेतल्या दुकानात इतकी स्वस्त आणि इथे एवढी महाग का? मी यावर बरेच दिवस आकडेमोड करतोय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ही दुर्बीण अमेरिकेतही आयातच होते. बाजारातल्या पुष्कळशा डॉब्सोनियन तैवान किंवा चीनमध्ये बनतात आणि प्रत्येक देशात वेगळ्या नावाने विकल्या जातात. टेलिव्ह्यू कंपनी न्यूयॉर्क राज्यातली, पण तिचे आयपीस (डोळा लावायची भिंगं) तैवान आणि जपानमध्ये तयार होतात. तैवानहून मुंबई कॅलिफोर्नियापेक्षा जवळ आहे. म्हणजे नुसतं अंतर हे कारण नव्हे. तिकडचा व्यापारी कंटेनर भरून माल उतरवतो. आपल्याकडचा आयातदार थोडेच नग मागवतो, ते विकले जाईपर्यंत त्याचे पैसे अडकतात, आणि एखादा आरसा फुटून आला तर बदली नगाचा खर्चही त्याच्याच अंगावर पडतो. हे सगळं त्या थोड्या नगांच्या किमतीत वाटलं जातं. (२०२५मध्ये अमेरिकेनेही आयातकर वाढवले, तिथले भावही चढले, तरी फरक उरतोच.) जपानच्या व्हिक्सन किंवा ताकाहाशी या दुर्बिणींच्या कंपन्या घ्या: तिथे माल कारखान्यातून थेट देशातल्या दुकानात जातो, बाहेरच्या देशांत मात्र मध्ये तिथला वितरक येतो आणि हमी, दुरुस्ती, सुटे भाग सांभाळायचं त्याचं काम असतं. त्याचे पैसे लागणारच.

दुसरी गोष्ट कर, आणि इथे बहुतेकांचं गणित चुकतं. कर नुसत्या वस्तूवर लागत नाही. वस्तू, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो. समजा आयपीस १०,०००चा, भाडं-विमा ३,०००. झाले १३,०००. सीमाशुल्क उदाहरणापुरतं १० टक्के धरू: १,३००. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार: १३०. आता १४,४३०, आणि या अख्ख्या रकमेवर १८ टक्क्यांनी आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी): जवळजवळ २,६००. दहा हजारांची वस्तू दारात सतरा हजारांना. व्यापाऱ्याला आयजीएसटीची वजावट मिळते, तुम्हाआम्हाला नाही. वैयक्तिक आयातीचे दर वेगळे असतात आणि बदलतातही, तेव्हा मागवायच्या आधी त्या दिवशीचा दर बघा.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. अमेरिकेतल्या दुकानाच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. आपल्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात. शेजारी ठेवून तुलना करताना निदान हे तरी सारखं करून घ्यावं. आणि २०१०च्या सुमारास डॉलर ४५-४६ रुपयांचा होता, २०२२मध्ये तो ८०च्या पुढे गेला. जुन्या मंडळींनी सांगितलेले भाव आज का लागू पडत नाहीत, ते यातच आलं.

माझा निर्णय खरं तर ठरवला तो खोक्याने. विमानाने येणाऱ्या कुरिअरमध्ये खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि ते आकडेमोडीतलं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं तर त्याचे पैसे घेतात. आठ इंची नळीचं खोकं १३० × ४० × ४० धरा: साडेएकेचाळीस किलोंहून जास्त! आत बरीचशी हवाच असते. त्या हवेचं भाडं, आणि त्या भाड्यावर वर सांगितलेले सगळे कर. उलट २५ मिमीचा आयपीस मुठीत मावतो.

म्हणून वाटणी अशी केली. मोठं आणि पोकळ ते सगळं इथलं: नळी, प्लायवूडचा पाया, त्यावर खरबरीत सनमायका आणि टेफ्लॉनचे तुकडे. सुताराला कागदावर वर्तुळ काढून दिलंय, त्याने पहिला प्रश्न विचारला तो, "फिरायला जड हवं की हलकं?" इतका नेमका प्रश्न मला अजून कोणी विचारला नव्हता. हात लावला की हलावं आणि सोडलं की थांबावं, असं सांगितलं. आरसा घरचा. बाहेरून फक्त लहान आणि अचूक तेवढंच: दुय्यम आरसा (प्रकाश आयपीसकडे वळवणारा छोटा) आणि दोन आयपीस, २५ आणि १० मिमी नाभीय अंतराचे, म्हणजे १२००ला त्यांनी भागून ४८ आणि १२० पट. हे तिन्ही एकाच पार्सलमध्ये मागवतोय, म्हणजे हाताळणीचं शुल्क एकदाच भरावं लागेल.

आयपीस आले की सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात जातील. गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या आयपीसला बुरशी लागली, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली, आणि ती पुसून गेली नाही.

या आठवड्याचं काम: बादल्या, फळी आणि नखं घासून धुणं. २२०चा एक कण जरी ४००च्या बैठकीत शिरला तरी ओरखडा पडतो.