मस्त म्हणजे किती मिली?

आमच्या धाकटीला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, ऑगस्टमध्ये ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा तिची मुलगी पाच महिन्यांची होती. तिला विचारूनच लिहितेय हे. नाव तेवढं घालू नका ताई, बाकी सगळं लिहा, म्हणाली.

जुलैपासूनच ती दमत होती. जिना चढून आली की चपला न काढताच दारात बसायची. आणि आम्ही सगळ्या बायका एकच पालुपद, अगं बाळंतपणानंतर होतंच, रात्रीची जागरणं, अंगावर पाजतेस, डिंकाचे लाडू खा. जवळच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मग मांडीवर, दंडावर काळेनिळे डाग यायला लागले, ती म्हणायची पिल्लू लाथा मारतं ना त्याने असेल, आणि मी ते खरं मानलं. पाच महिन्यांच्या बाळाच्या लाथेने तळहाताएवढा डाग पडत नाही हे मला कळायला हवं होतं. ते अजून टोचतं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ताप आला, तेव्हा आमच्या भांडुपमध्ये एक घर सोडून एक घर डेंग्यू चालू होता, त्यामुळे हाही डेंग्यूच असणार, पपईच्या पानांचा रससुद्धा काढून झाला.

सीबीसीसाठी संध्याकाळी रक्त दिलं आणि रात्री साडेदहाला लॅबमधून फोन. एरवी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, पण हे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर स्वतः बोलत होते. हिमोग्लोबिन 7.2, पांढऱ्या पेशी 2,800, प्लेटलेट 14 हजार, जिथे कमीत कमी दीड लाख पाहिजेत. आणि स्लाईडखाली ज्या पेशी दिसतायत त्या मला बऱ्या वाटत नाहीत, सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा. या माणसाला मी आजपर्यंत भेटलेले नाही. डेंग्यूतही प्लेटलेट पडतातच, मशीनचे आकडे नुसते पाठवून ते झोपले असते तर आम्ही अजून दोन दिवस पपईचा रस पाजत बसलो असतो आणि या आजारात तेच पहिले दिवस जिवावरचे असतात.

आजाराचं नाव अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, एपीएल म्हणतात. परळला टाटामध्ये तिथल्या डॉक्टरांनी भावजींना आणि मला कॉरिडॉरमध्ये उभं करून समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. हाडाच्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात, पिकतात आणि मग रक्तात येतात. हिच्या पेशी अर्धवट कच्च्या अवस्थेतच अडकल्या होत्या आणि त्या कच्च्या पेशींमुळे रक्त गोठण्याचं सगळं गणित बिघडतं, म्हणून भीती कॅन्सर पसरण्यापेक्षा रक्तस्रावाची, त्यातही मेंदूतल्या. पण ते दिवस निभावले तर ल्युकेमियाच्या सगळ्या प्रकारांत हा सगळ्यात जास्त बरा होणाऱ्यांपैकी एक. एकाच वाक्यात इतकं वाईट आणि इतकं चांगलं मी कधी ऐकलं नव्हतं. कमरेच्या हाडातून काढलेल्या बोनमॅरोचा पक्का रिपोर्ट यायच्या आधीच, नुसत्या संशयावर, त्यांनी एटीआरए नावाच्या कॅप्सूल सुरू केल्या. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, कच्च्या पेशींना पिकवतं. आणि दुसरं औषध आर्सेनिक, रोज शिरेतून, दोन तास.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. आर्सेनिक म्हणजे सोमल ना गं? सोमल देतायत पोरीला? हो, सोमलच. चीनमधल्या डॉक्टरांनी आधी हे दोन्ही उपाय या आजारावर वापरून बघितले, एटीआरए शांघायमध्ये आणि सोमल हार्बिनमध्ये, आणि आता कमी धोक्याच्या एपीएलमध्ये नेहमीची केमो न देता फक्त या दोघांवर पेशंट बरे होतात. हिच्या पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या खाली होत्या म्हणून ही त्या गटात बसली. सासूबाईंना मी हे तीन वेळा सांगितलं, चौथ्या वेळी त्या स्वतःच शेजारच्या काकूंना सांगत होत्या.

आता दुधाबद्दल. औषधं दुधातून बाळाच्या पोटात जातात, त्यामुळे ॲडमिट झाली त्या रात्रीच पाजणं बंद. दूध थांबायची गोळी दिली पण गोळीने लगेच काय थांबतंय, छाती दगडासारखी झालेली, थंड पाण्याचे फडके ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी बाहेर पॅसेजमध्ये कुणाचं तरी मूल रडलं, खूप लहान पण नव्हतं ते, आणि हिचा गाऊन समोरून भिजला. ती काही बोलली नाही. मी पण नाही. मी दुसरा गाऊन आणला आणि तिच्या पाठीला बसले.

इकडे पिल्लू बाटली तोंडात घेईना. मी सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलच्या मिल्क बँकेचं नाव ऐकलं होतं, 1989 मध्ये सुरू झालेली, आशियातली पहिली, म्हणून चौकशी केली. तिथलं दूध कमी दिवसांच्या आणि आजारी नवजात बाळांसाठी असतं, आमच्या धडधाकट पाच महिन्यांच्या मुलीसाठी नाही, आणि ते बरोबरच आहे. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं, उकळून घेतलं, मी धाकटीचा न धुतलेला गाऊन खांद्यावर टाकला आणि तिला मांडीवर घेतलं. पहिल्या दिवशी 30 मिली पावडरचं दूध गेलं, त्यातलं निम्मं माझ्या अंगावर.

आणि इथेच माझी मोठी चूक झाली.

मी ठरवलं होतं की तिला बाळाची काळजी अजिबात लागू द्यायची नाही. तिने विचारलं पिल्लू कसंय, की मी लिहायचे ‘मस्त’. दूध घेतं का? ‘मस्त’. हसरे फोटो तेवढे निवडून पाठवायचे, रडतानाचा एकही नाही. आठवडाभर असं चाललं आणि एक दिवस रात्री नऊला तिचा फोन आला, आवाज चढलेला, ती कधी माझ्याशी मोठ्याने बोललेली नाही सहा वर्षांत. ताई, मस्त म्हणजे किती मिली? सर्दी होती ती गेली का? शी कशी होते, हिरवी का पिवळी? तुम्ही मला असं सांगताय जसं काही मी पाहुणी आहे. मी मेलेली नाहीये अजून.

मी त्या रात्री दुकानातून दोनशेपानी वही आणली. किती वाजता, किती मिली, किती ओकली, शी, शू, झोप, ताप, रडली तर किती वेळ आणि कशाने थांबली. रोज रात्री पानाचा फोटो तिला. ती शाळेत वह्या तपासतात तशी तपासायची, दुपारी 4 ते 8 काहीच नाही का, का नाही, मग मी सांगायचे झोपली होती, मग ती म्हणायची चार तास झोपू देऊ नका रात्री जागवेल. कुठलं दुपटं, कुठला साबण, डॉक्टर बदलायचे का, सगळं तिला विचारूनच. प्लेटलेट 20 हजारांवर असताना, तोंड कोरडं पडून ओठ फाटलेले असताना ती बाळाच्या पावडरीचा डबा बदलायचा का यावर वाद घालायची. सिस्टर म्हणाल्या, यांना बोलू द्या, वादाने बीपी वाढत नाहीये.

प्लेटलेटचं सांगते कारण हे लोकांना माहीत नसतं. मशीनवर एका डोनरकडून घेतात त्याला एसडीपी म्हणतात, रक्त काढून प्लेटलेट वेगळ्या करून बाकीचं परत त्याच्याच शरीरात सोडतात, तास दीड तास लागतो. आणि त्या पिशवीचं आयुष्य पाचच दिवस, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, माणूसच लागतो, पुन्हा पुन्हा. गल्लीतल्या गोविंदा पथकाची पोरं आली. दहीहंडीची प्रॅक्टिस रोज रात्री चालू होती, ती सोडून पहाटेच्या स्लो लोकलने परळला. एकाचा टॅटू नवा म्हणून परत पाठवला, एकाने खांदा दुखतो म्हणून अ‍ॅस्पिरिन घेतलेली म्हणून नाही चालला, एकाची शीर बारीक. तो बारीक शीरवाला रडला अक्षरशः. त्यांच्यातल्या चौघांनी मिळून पहिले दोन आठवडे काढून दिले. त्या वर्षी ते सहा थरांच्या वर गेले नाहीत, पण त्यांना मी जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री तिला दम लागायला लागला. दोन दिवसांत वजन तीन किलो वाढलं होतं, पाय सुजले होते. मला तोपर्यंत वाटायचं की रोज सकाळी वजन घेतात ते आपलं रिवाज म्हणून. पेशी पिकायला लागल्या की कधी कधी शरीरात पाणी साठतं, फुप्फुसात पण, आणि त्याला लगेच स्टेरॉइड द्यावं लागतं. ते वजन बघूनच डॉक्टर सावध झालेले होते. आपल्या माणसाजवळ बसणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, वजन, लघवी, सूज, डोकेदुखी, काहीही नवं वाटलं तर सिस्टरना सांगा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.

नातेवाईकांचं थोडक्यात. बहुतेक लोक चांगले वागले. जेवणाचे डबे, भावजींच्या ऑफिसमधल्यांनी काढलेली वर्गणी, फुले योजनेच्या कागदांसाठी रेशनकार्ड घेऊन दिवसभर फिरणारे यांचे मित्र. पण एक बाई घरी येऊन पिल्लूकडे बघत म्हणाल्या, पायगुण बघा हो पोरीचा. मी त्यांना हातातला चहा पूर्ण पिऊ दिला नाही. पाच महिन्यांच्या मुलीच्या माथी तिच्या आईचा आजार मारायचा? हा आजार कुणाच्या पायाने येत नाही, पाजल्याने होत नाही, दृष्टीने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दोन गुणसूत्रांचे तुकडे, पंधरा आणि सतरा नंबरचे, आपसांत बदलले गेले, बस. ते आपोआप होतं, जन्मानंतर, कुणाच्याही हातात नसतं.

केसांचं पण. सगळ्यांनी स्कार्फ आणले, टोप्या आणल्या. या औषधांनी तिचे केस गेलेच नाहीत. मग काही लोक विचारायला लागले, मग खरंच कॅन्सर आहे ना? तिला याचा फार त्रास झाला. टक्कल दिसलं नाही तर आजारही खरा नाही असं कसं.

गणपती आमच्याकडे दीड दिवसाचा. आरतीला तिला व्हिडिओ कॉलवर घेतलं, प्रसाद, पंचामृत, फुलं काही तिच्यापर्यंत न्यायची नव्हती, म्हणून फक्त आवाज. पिल्लू टाळ्यांच्या आवाजाने दचकून रडलं आणि ती पलीकडून म्हणाली, कानावर हात ठेवा तिच्या. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते.

साडेपाच आठवड्यांनी घरी आली. सगळे जिन्यात उभे. मी पिल्लूला तिच्याकडे दिलं आणि पिल्लू माझ्या कुर्त्याला धरून किंचाळायला लागलं, जाईचना तिच्याकडे. धाकटीने मास्क लावलेला, वजन बदललेलं, हॉस्पिटलचा वास. मुलांचं असं होतं हे मला समजतं, पण तिचा चेहरा मी बघितला. तिने हसून हात मागे घेतले. रात्रभर मी विचार केला आणि सकाळी यांना सांगून चार दिवस दादरला माहेरी निघून गेले. सासूबाई रागावल्या, आत्ता कुठे चाललीस, तिला झेपणार आहे का. डायपर बदलायचं काम तिने करायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, ते भावजींकडे. उचलायला तिची आई चिपळूणहून आली होती. भरवायचं मात्र तिनेच. वही मी टेबलावर ठेवून गेले.

माहेरी मला झोप लागली नाही. फोन करायचा नाही असं ठरवलेलं, तो मीच तीनदा हातात घेऊन ठेवला.

आता तिची तिसरी सायकल चालू आहे. सोमवार ते शुक्रवार रोज सोमल, चार आठवडे, मग चार आठवडे सुट्टी, अशा चार. सकाळी मी किंवा भावजी बरोबर जातो. शेवटच्या बोनमॅरोत ते पंधरा-सतराचं काही सापडलं नाही, डॉक्टर म्हणाले छान, पण सायकली पूर्ण करायच्या. बाळाच्या प्रत्येक लसीबद्दल, पोलिओच्या थेंबांबद्दल सुद्धा, आधी तिच्या डॉक्टरांना विचारतो.

दादरहून परत आले त्या दिवशी दुपारी घर शांत होतं, दोघी झोपलेल्या. वही टेबलावर उघडी होती. चार दिवसांची पानं तिच्या अक्षरात. पहिल्या दिवशी ‘सकाळी 8, नाचणीची पेज, नाही घेतली, रडली 40 मिनिटं, मी पण’. दुसऱ्या दिवशी ‘3 चमचे, आजीच्या मांडीवर’. शेवटच्या दिवशी ‘सकाळी 8.15, अर्धी वाटी, माझ्या मांडीवर. दोन चमचे थुंकली. केस ओढले.’